वर्ष बुडणार की वाचणार, ते बडोद्यातच ठरतं

मांजलपूरच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी इथल्याच एका कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचा जर्मनीतल्या एका विद्यापीठाशी करार आहे आणि तिसरं वर्ष एक्सचेंज विद्यार्थिनी म्हणून तिकडे काढायची संधी तिला मिळते आहे. आईला विचारायचं आहे ते असं: वर्ष वाया जाईल का, खर्च किती येईल, कॅम्पस प्लेसमेंट हातची जाईल का, आणि मुलगी एकटी राहील कशी. शिवाय आजोबांचं म्हणणं, 'आधी डिग्री पदरात पाडून घे, मग कुठे जायचं ते जा.'

ताई, बडोद्यातून बाहेर जाणाऱ्या आणि बाहेरून बडोद्यात येणाऱ्या मुलांचे एक्सचेंजचे कागद करणं हेच माझं बरीच वर्षं काम होतं. त्या जोरावर एक गोष्ट ठामपणे सांगते. वर्ष बुडालेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यातली बहुतेक हुशार होती. ती जर्मनीत नापास झाली नव्हती. त्यांचं वर्ष इथे, विभागाच्या टेबलावर बुडालं, कारण निघण्यापूर्वी सह्यांनिशी हातात असायला हवा होता तो कागद 'परत आल्यावर बघू' म्हणून राहून गेला होता. त्यामुळे मी जर्मनीपेक्षा बडोद्याबद्दलच जास्त लिहिणार आहे, त्याला इलाज नाही.

आधी एक खात्री करून घ्या, की हे खरंच एक्सचेंज आहे. खऱ्या एक्सचेंजमध्ये मुलीचं नाव इथल्याच पटावर राहतं, फी इथे भरायची, तिकडची शिकवणी फी माफ असते आणि पदवी इथलीच मिळते. तिकडे फक्त सत्राचं एक शुल्क भरावं लागतं; जर्मनीत ते साधारण शंभर ते चारशे युरोंच्या घरात असतं आणि बऱ्याच ठिकाणी त्यातच बस-ट्रामचा पास येतो. कुणी एजंट 'एक्सचेंज'च्या नावाखाली तिकडची फी मागत असेल तर ते एक्सचेंज नव्हे, पैसे भरून घेतलेला प्रवेश आहे. तो वाईटच असतो असं नाही, पण त्याचा हिशोब वेगळा. ट्विनिंग, जॉइंट डिग्री, ड्युअल डिग्री हेही वेगळे प्रकार; त्यांच्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) २०२२ सालचे स्वतंत्र नियम आहेत. कॉलेजकडे कराराची प्रत मागा. त्यात फीमाफीचं कलम, जागा किती आणि करार कधीपर्यंत चालू आहे, एवढं स्वतः वाचा. करार संपून गेलेला असतो आणि भिंतीवर फोटो मात्र लटकत असतो, हा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही.

आता तो कागद. युरोपात त्याला लर्निंग अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. मुलगी तिकडे कोणते विषय घेणार, त्यांचे क्रेडिट (म्हणजे अभ्यासाच्या भाराचं माप) किती, आणि त्या बदल्यात इथले कोणते विषय पूर्ण झाले असं धरायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. सह्या तीन: मुलीची, तिकडच्या विद्यापीठाची आणि इथल्या विद्यापीठाची. तिसऱ्या सहीत सगळी गोम आहे. विभागप्रमुखांची सही सहज मिळते, कारण त्यांना मुलीचं कौतुक असतं. पण मार्कशीट छापतो परीक्षा विभाग, आणि परीक्षा विभागाला कौतुकाशी देणंघेणं नसतं, त्यांना ठरावाचा नंबर लागतो. म्हणून हे प्रकरण अभ्यास मंडळ किंवा विद्याशाखेच्या बैठकीत मांडून मंजूर करून घ्यायचं, आणि त्या मंजुरीची प्रत परीक्षा विभागाच्या आवकच्या शिक्क्यानिशी घरी फाइलला लावायची. विभागप्रमुख दोन-तीन वर्षांनी बदलतात. जाताना सही करणारे सर एक आणि परत आल्यावर खुर्चीत बसलेले दुसरे, असं झालं की 'मला याची कल्पना नाही' हे उत्तर अगदी प्रामाणिक असतं.

आपल्या गावाला तर ही पद्धत नवी नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, ते महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, तीन वर्षांसाठी. पण महाराजांचा शब्द असूनही लेखी करार झाला होता: परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. राजाने दिलेली शिष्यवृत्तीसुद्धा कागदावर उतरवली होती. तुमच्याकडे तर राजाही नाही.

क्रेडिटचं गणित नीट समजून घ्या, कारण बैठकीत घोळ होतो तो इथेच. युरोपात क्रेडिट मोजायची सामायिक पद्धत म्हणजे ईसीटीएस; तिच्यात एका वर्षाचे ६० क्रेडिट धरतात, सत्राचे ३०. आपल्याकडे तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) नमुना अभ्यासक्रमात चार वर्षांचे मिळून १६० च्या आसपास क्रेडिट येतात, म्हणजे वर्षाचे ४०, सत्राचे २०. सरळ प्रमाण काढलं तर आपला एक क्रेडिट म्हणजे त्यांचे दीड. पण बैठकीत कुणीतरी विषयाला विषय लावायला बसतं. तिकडच्या विषयाला ५ ईसीटीएस आहेत, आपल्या हीट ट्रान्स्फरला ४ क्रेडिट. पाचाचे झाले सव्वातीनच्या थोडे वर, म्हणजे दोन-तृतीयांश क्रेडिट कमी पडला, म्हणून विषय नामंजूर! असं सहा विषयांत झालं की वर्ष गेलं. वास्तविक दोन्हीकडे क्रेडिट मोजायची रीतच निराळी आहे. आपल्याकडे आठवड्याला एक तास व्याख्यान, असे पंधरा आठवडे, म्हणजे एक क्रेडिट. तिकडे घरी बसून केलेला अभ्यासही त्यात धरतात. जर्मनीत एका ईसीटीएसमागे साधारण ३० तासांचं एकूण काम असतं. तेव्हा आग्रह धरायचा तो सत्राला सत्र लावण्याचा: तिकडे ३० ईसीटीएस उत्तीर्ण झाली की इथलं पाचवं सत्र पूर्ण, आणखी ३० झाले की सहावं. त्यातले मेकॅनिकलचे कणा असलेले दोन-तीन विषय तेवढे नावानिशी जुळवून दाखवायचे, बाकी ऐच्छिक म्हणून धरून घ्यायचे.

हे जुळवायला तक्ता करा. एका बाजूला आपल्या विषयाचा कोड आणि घटकांची यादी, दुसऱ्या बाजूला त्यांच्या मॉड्यूल हँडबुकातलं वर्णन. हे हँडबुक जर्मन विद्यापीठं आपल्या वेबसाइटवरच ठेवतात, बरेचदा जर्मनमध्ये. मुलीने भाषांतर करून, पानाचा क्रमांक घालून तो तक्ता टाइप करायचा आणि सरांना आयता द्यायचा. 'सर, तुम्ही बघून ठरवा' म्हणून इकडचा शंभर पानांचा आणि तिकडचा दीडशे पानांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, तर तो तिथेच राहतो. दीड पानाचा तक्ता त्याच दिवशी वाचला जातो. आणि ठरलेल्यांपेक्षा तीन-चार जास्तीचे विषय पर्यायी म्हणून मंजूर करून ठेवा, कारण तिकडे गेल्यावर एखादा विषय त्या सत्रात शिकवतच नाहीत, दोन तासिका एकाच वेळी येतात, हे हमखास होतं. बदल झाला तर नवा तक्ता आठवड्याभरात ईमेलने इथून मंजूर करून घ्यायचा. फोनवर घेतलेली परवानगी ही परवानगीच नव्हे.

काही विषय कशालाच जुळत नाहीत. संविधान, पर्यावरण, एखादा सक्तीचा छोटा पेपर. ते 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवर करता येतात, यूजीसीने सत्राच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घ्यायची मुभा दिली आहे, फक्त तुमच्या विद्यापीठाने ती स्वीकारलेली हवी. पण यात एक मेख आहे. अभ्यास ऑनलाइन असला तरी त्याची परीक्षा भारतातल्या केंद्रावर जाऊन द्यावी लागते. म्हणजे 'तिकडे बसून करीन' हे चालणार नाही. जाण्याआधीच्या सत्रातच हे पेपर उरकून टाकायचे.

आणि एटीकेटी असेल तर? स्पष्टच सांगते, एकही विषय राहिलेला असेल तर मुलीला पाठवू नका. फेरपरीक्षा इथे, मुलगी तिथे, आणि दोन्हीकडचं वेळापत्रक एकमेकांवर आपटणारं.

वेळापत्रकावर मी थोडी रेंगाळणार आहे. जर्मनीत हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. प्रत्यक्ष वर्ग ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात, फेब्रुवारीत संपतात. उन्हाळ्यात एप्रिल ते जुलै. आपलं पाचवं सत्र जुलैत सुरू होतं. म्हणजे जुलै ते सप्टेंबर मुलगी मोकळी, वर्गात बसायची गरज नाही. हा काळ मुलं मावशीकडे, मामाकडे निरोप घेत फिरण्यात घालवतात. तो जर्मन शिकायला आणि इथेच मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) एखादी छोटी इंटर्नशिप करायला वापरा. खरी अडचण परतीच्या टोकाला आहे. उन्हाळी सत्राच्या परीक्षा जुलैअखेर, ऑगस्टमध्ये, काही तर सप्टेंबरातही असतात आणि इकडे सातवं सत्र जुलैतच सुरू झालेलं असतं. हजेरीच्या ७५ टक्क्यांत तिचे पहिले चार-सहा आठवडे धरायचे नाहीत, असं मंजुरीच्या ठरावातच लिहून घ्या. निकालाचंही तेच. जुलैच्या परीक्षेचे गुण यायला सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडतो, तोपर्यंत सहाव्या सत्राची मार्कशीट कोरी. 'सातव्या सत्रात तात्पुरता प्रवेश द्यावा' हे वाक्य ठरावात नसेल तर पोर्टल तिला पुढेच जाऊ देणार नाही, आणि मग तुम्ही खिडकी क्रमांक चारपुढे उभ्या.

गुणांबद्दल एक गंमत सांगते, त्या मुलाला तेव्हा ती गंमत वाटली नव्हती. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास, ५.० म्हणजे नापास. एका मुलाचं गुणपत्रक १.७ घेऊन आलं, म्हणजे उत्तमच. इथल्या एका परीक्षा विभागात ते दहापैकी १.७ समजून 'अनुत्तीर्ण' अशा शेऱ्याखाली बराच काळ पडून होतं. आपले गुण त्यांच्या मापात बसवायला 'सुधारित बव्हेरियन सूत्र' नावाचं एक सूत्र आहे, पण त्यांचे गुण आपल्या दहाच्या मापात कसे आणायचे ते आपल्या विद्यापीठाने ठरवायचं असतं. एकतर तो तक्ता आधी लेखी घ्या, किंवा सरळ एवढंच मागा की त्या वर्षाचे क्रेडिट मिळावेत, सीजीपीए (एकूण सरासरी गुणांक) मात्र बाकीच्या सत्रांवरून काढावा. मला दुसरी वाट जास्त आवडते. तिकडे पहिल्या सत्रात गुण थोडे घसरतातच, आणि गुणांच्या भीतीने मुलं सोपे विषय निवडतात. मग एवढं लांब जाण्यात काय अर्थ?

पैशांकडे येते. जर्मन व्हिसासाठी वर्षाच्या राहण्या-जेवणाची तरतूद दाखवावी लागते. ती बहुतेक जण ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, दाखवतात. सध्याची रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२. हिशोबाला युरो शंभर रुपयांना धरला तर बारा लाखांच्या घरात. हा पैसा कुणी घेत नाही, तो मुलीचाच असतो, दर महिन्याला ९९२ युरो तिला मिळत राहतात. परदेशी शिक्षणासाठी वर्षाला १० लाखांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर बँक टीसीएस (आगाऊ कर) कापत नाही, त्यावरच्या रकमेवर कापते. तो आयकराच्या विवरणात जमा धरून मिळतो, बुडत नाही, पण त्या दिवशी खात्यात तेवढे जास्तीचे पैसे असावे लागतात. खर्चाचे मोठे आकडे: वसतिगृहाची खोली २५० ते ४०० युरो, विद्यार्थ्यांचा आरोग्यविमा दीडशेच्या जवळपास, रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी घरामागे महिना १८ युरोंच्या आसपास (टीव्ही नसला तरी!), बाकी जेवण आणि फिरणं. शिवाय निघताना विमानाचं तिकीट, व्हिसाचे ७५ युरो आणि खोलीचं डिपॉझिट. पहिले तीन-चार आठवडे ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे हातात पडत नाहीत, कारण त्याआधी तिकडे बँक खातं उघडावं लागतं. तेव्हा फॉरेक्स कार्डावर हजार-दीड हजार युरो वेगळे ठेवा.

कॉलेजचा करार युरोपीय संघाच्या इरास्मस प्लस योजनेत बसत असेल तर चित्रच पालटतं. ही योजना १९८७ साली इरास्मस नावाने युरोपातल्या युरोपात सुरू झाली, आता भारतासारख्या देशांतल्या भागीदार विद्यापीठांनाही घेते. विद्यार्थ्याला महिना ८०० ते ९०० युरो आणि प्रवासखर्च वेगळा मिळतो, दोन महिन्यांपासून बारा महिन्यांपर्यंत. कॉलेजला नेमकं विचारा, 'हा करार इरास्मसचा आहे की साधा?' उत्तर साधा असं आलं आणि बारा लाख कर्ज काढूनच उभे राहणार असतील, तर माझा सल्ला कटू आहे: वर्षाऐवजी एकच सत्र पाठवा. कर्ज काढायचंच तर ते पुढे मास्टर्ससाठी राखून ठेवा. तिथे निदान पदवी हातात पडते. एक्सचेंजचं वर्ष फार चांगलं असतं, पण ते घर गहाण टाकण्याइतकं चांगलं नसतं.

पैसा असेल तर मात्र एका सत्रापेक्षा वर्ष केव्हाही बरं. पहिलं सत्र बावचळण्यात जातं. ऑक्टोबरात पोचायचं, दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची, राहण्याच्या परवान्यासाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेळ घ्यायची (ती घ्यायची पोचल्या आठवड्यात, कारण ती मिळते महिन्यांनी), विमा, बँक, सिमकार्ड. तेवढ्यात दिवस लहान होतात; डिसेंबरच्या अखेरीला जेमतेम आठ तास उजेड. मुलगी स्थिरावते फेब्रुवारीत, आणि एका सत्रावाली मुलं तेव्हा बॅगा भरत असतात.

खोलीचा अर्ज प्रवेशपत्र आल्याच्या दिवशी करा. विद्यार्थ्यांची वसतिगृहं तिकडे विद्यापीठ चालवत नाही, श्टुडिरेंडेनवेर्क नावाची वेगळी संस्था चालवते, आणि एक्सचेंजच्या मुलांसाठी काही खोल्या राखीव असल्या तरी त्या आपोआप मिळत नाहीत. बाहेर शेअरिंगमध्ये खोली शोधताना आडनाव वाचूनच उत्तर न देणारेही भेटतील, मुलीला त्याची कल्पना देऊन ठेवा. आणि आपण बडोदेकरांनी त्यावर फार नाक मुरडू नये. तो दहा वर्षांचा करार पाळायला १९१७ साली डॉ. आंबेडकर या शहरात आले तेव्हा त्यांना इथे राहायला जागा मिळाली नाही; पारशी धर्मशाळेतूनही हुसकावून लावलं गेलं आणि ते कमाटीबागेत झाडाखाली बसले. माझ्याकडे बाहेरच्या देशांतून आलेली मुलं असायची, त्यांच्यासाठी फ्लॅट शोधताना 'नॉनव्हेज खातात का, कुठल्या धर्माचे' हे प्रश्न मी या शहरात कितीदा ऐकले ते सांगत बसत नाही. खोली पाहिल्याशिवाय, म्हणजे निदान व्हिडिओवर पाहिल्याशिवाय, डिपॉझिट पाठवायचं नाही. 'मी सध्या परदेशात आहे, चावी कुरिअरने पाठवतो' असं कुणी लिहिलं की तो ठग समजायचा.

तिकडच्या अभ्यासात आपल्या मुलांना तीन गोष्टी नडतात. बहुतेक विषयांना सगळे गुण शेवटच्या एका परीक्षेवर असतात. मिड-सेम नाही, फाइल सबमिशन नाही, हजेरी नाही. आपल्या मुलांना दर पंधरा दिवसांनी कुणीतरी टोकायची सवय, तिथे जानेवारीपर्यंत कुणी विचारत नाही आणि जानेवारीत फार उशीर झालेला असतो. सोडवणुकीचे तास, ज्यांना तिकडे युबुंग म्हणतात, ऐच्छिक असले तरी चुकवायचे नाहीत. पेपर तिथूनच येतो. दुसरी गोष्ट जास्त घातक: विषय घेतला म्हणजे परीक्षेला बसता येतं असं नाही. परीक्षेची नोंदणी पोर्टलवर वेगळी करावी लागते, ठरलेल्या मुदतीत. मुदत गेली की गेली, तिथे कुणी 'जाऊ द्या हो, भरून घेऊ' म्हणत नाही. नोंदणी केल्यावर पडद्याचा फोटो काढून ठेवायचा. तिसरी गोष्ट भाषेची. पदवीपातळीवर इंग्रजीतले विषय मोजके असतात, बरेचसे इंग्रजी कोर्स मास्टर्सचे. म्हणून तक्ता करतानाच विषय कोणत्या भाषेत आहे हा रकाना ठेवा, आणि मुलीला निदान ए-टू, म्हणजे रोजच्या बोलण्यापुरत्या प्राथमिक पातळीपर्यंत जर्मन येऊ द्या. ते वर्गासाठी पुरणार नाही. नगरपालिकेच्या खिडकीवर, भाजीवाल्याकडे आणि डॉक्टरकडे पुरेल. यात आपली मुलं मागे पडत नाहीत. घरात मराठी, गल्लीत गुजराती, कॉलेजात इंग्रजी, रिक्षावाल्याशी हिंदी, असं लहानपणापासून चाललेलं असतं. चुकीचं व्याकरण बोलायची लाज त्यांना पुण्याच्या मुलांपेक्षा कमी असते, हे माझं आपलं मत.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचारलंत. सुरक्षिततेची काळजी मी फार करणार नाही, मोठ्या शहरातली नेहमीची सावधगिरी पुरते. जीव कासावीस होतो तो दुसऱ्या कारणाने. सत्र सुरू होतं त्याच सुमारास इथे नवरात्र असतं. वर्गातल्या सगळ्या मैत्रिणी चणिया-चोळीत गरब्याच्या मैदानावरून फोटो टाकत असतात आणि ही एका ओल्या, थंड गावात रविवारी बंद असलेल्या दुकानांसमोरून चाललेली असते. रविवारी दुकानं बंद असतात हे लिहूनच ठेवा, शनिवारी दूध-पाव आणायला शिकायचं. मग दिवाळी. नोव्हेंबरात जवळजवळ प्रत्येक मूल एकदा तरी 'मी परत येते' म्हणतं. तेव्हा तुम्ही तिकीट काढायचं नाही आणि 'आम्ही सांगत होतो' असंही म्हणायचं नाही. दोन आठवडे जाऊ द्यायचे. भारतीय मुलांचा गट आधार देतो, पण तिथेच अडकून पडू नये. प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी नाममात्र पैशात खेळांचे वर्ग असतात, तिथे नाव घालायला सांगा. फोन रोज करू नका. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्यामागे साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास असतं. तुम्ही रात्री नऊला फोन केलात तर तिथे दुपारचे साडेचार, मुलगी प्रयोगशाळेत. रविवारी सकाळी तिला उठू द्या, मग बोला.

सामानात काय द्यायचं ते तुम्ही विचारलं नाहीत, पण द्याल हे नक्की. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. म्हणजे रावपुऱ्यातले पेढे नाहीत, घरचं तूप नाही, बर्फी नाही. ताज्या कढीपत्त्याची जुडी नाही, केसर आंबा नाही. लिलो चिवडो, भाकरवडी, चकली, गोडा मसाला, मेतकूट, हे चालतं. सीलबंद आणि वर नाव छापलेलं असेल तर प्रश्न कमी. कुकर लहान द्या, जास्तीची रिंग द्या. डाळ-तांदूळ तिकडे मिळतात.

आता प्लेसमेंट. तिसरं वर्ष निवडलं हे बरं केलंत. चौथ्या वर्षी गेली असती तर कंपन्या येतात तेव्हा ती इथे नसती. पण ऑगस्टमध्ये परतेल तेव्हा पहिल्या एक-दोन कंपन्या येऊन गेल्या असतील आणि सहाव्या सत्राच्या रकान्यात काही नसेल. त्यासाठी कुलसचिवांच्या सहीचं पत्र हवं: 'विद्यार्थिनी विद्यापीठाच्या मान्यतेने एक्सचेंजवर होती, निकाल प्रतीक्षेत आहे.' हे पत्र निघण्यापूर्वीच प्लेसमेंट अधिकाऱ्याला दाखवून ठेवा. सहाव्या आणि सातव्या सत्रामधली उन्हाळी इंटर्नशिप बुडते, तिची भरपाई तिकडच्या फेब्रुवारी-मार्चच्या सुट्टीत होऊ शकते. विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी असते. मात्र पहिल्या सुट्टीत काम मिळवायचं तर अर्ज नोव्हेंबरातच जायला हवेत, म्हणजे नेमके ते रडायचे दिवस. मुलाखतीत 'जर्मनीत एक वर्ष होते' यावर कुणी भाळत नाही, 'तिथे काय केलंस' हा पुढचा प्रश्न येतो. एखादा प्रोजेक्ट, प्रयोगशाळेतलं काम, काहीतरी दाखवता येईल असं घेऊन यायचं.

आजोबांना माझ्यातर्फे एवढंच सांगा, डिग्री घेऊन मग जाणं हा वाईट रस्ता नाही, पण तो महाग रस्ता आहे. फीमाफीची ही जागा पदवीनंतर मिळत नाही.

आणि परत निघताना घाई करू नका. गुणपत्रकाची सही-शिक्क्याची मूळ प्रत तयार असेल तर हातात घेऊनच निघायचं, नसेल तर ती बडोद्याच्या कोणत्या पत्त्यावर येणार ते लिहून द्यायचं. नगरपालिकेतली नोंद रद्द केल्याचा दाखला घ्यायचा. तो असला की विमा आणि रेडिओची वर्गणी बंद करता येते, नाहीतर बिलं बडोद्यापर्यंत येतात. बँक खातं मात्र लगेच बंद करू नका. खोलीचं डिपॉझिट घरमालक पाहणी करून, हिशोब काढून, काही आठवड्यांनी त्याच खात्यात टाकतो. ते जमा झालं की मग बंद करा.